एक दगड, तिघींचं धुणं

अमरावती, २६ नोव्हें. ६१, रविवार

धुण्यावरून पुन्हा वाजलं. मी बादली घेऊन मागे गेले तर दगडावर माझ्यासोबत राहणाऱ्या प्रमिलाच्या चादरी आधीच भिजत पडलेल्या. बाईसाहेब दर्यापूरच्या वकिलांची लेक, घरी धुणं बघायची सवय नाही, म्हणून इथे जेव्हा सुचेल तेव्हा भिजवते. शेवटी घरमालकीण काकूंनी फैसला केला. दगड एक, तार एक, विहिरीला बादली एक. सोम-गुरु प्रमिला, मंगळ-शुक्र मी, बुध-शनि सुमन. रविवार काकूंचा. कागद मोरीच्या दाराला चिकटवला.

सुमन नवी. आमच्याच ट्रेनिंग कॉलेजात, आधी बडनेऱ्याहून जाऊन-येऊन करायची, इथे येऊन आठच दिवस झाले. मूळची अकोल्याची. कागद वाचून नुसतं "बरं" म्हणाली.

२९ नोव्हें., बुध

आज सु.चं धुणं बघितलं. हातात मानसशास्त्राचं पुस्तक, डोळे दगडावर.

काल संध्याकाळीच पांढरं वेगळं भिजवलं होतं तिनं. सकाळी प्रत्येक कपडा उजेडासमोर धरून बघते, मग ठरवते कुठे चोळायचा आणि कुठे नुसता खळबळायचा. आपटते ती पण मोजून. अंगावर शिंतोडा नाही. मला सहा बादल्या लागतात, तिचं तिनात झालं. आणि पातळ तारेवर असं ताणून टाकलं की वाळल्यावर इस्त्रीची गरज नाही. पांढरी पातळं दोनच आहेत तिच्याकडे, पण वर्गात आमच्या सगळ्यांची तिच्याशेजारी मातकट दिसतात.

"कोणी शिकवलं गं?"

"आईनं."

बस. पुढचा कपडा पिळायला घेतला.

५ डिसें., मंगळ

आकाशी पातळावर वरण सांडलं. साबण लावणार तोच सु. खोलीतून धावत आली. "थांब! हळद आहे. साबण लागला की लाल होईल." पातळ माझ्या हातून घेतलं, नुसत्या पाण्यातून काढलं, डाग वर करून उन्हात टाकलं. "दोन दिवस असंच राहू दे. ऊन खाईल."

ऊन खाईल! मला हसू आलं. पण हात लावला नाही.

७ डिसें., गुरु

डाग नाही. शोधून सापडेना कुठे होता ते. मी पातळ घेऊन घरभर नाचले. असं वाटलं की काहीतरी चमत्कार झालाय आणि करणारी शांतपणे भाकरीचं पीठ मळतेय.

प्र. मला बाजूला घेऊन म्हणाली, "इतकं येतं म्हणजे वरठीणच असेल, धोब्याची." आणि हसली.

मीही हसले. लिहून ठेवते, कारण हसले.

१६ डिसें., शनि

नीट क्रमाने लिहिते.

सु.चा सकाळी पाठ होता, ती शाळेत. नऊच्या सुमारास मागच्या फाटकाशी एक म्हातारी. नऊवारी लुगडं, डोक्यावर गाठोडं. म्हणाली, "सुमननं पत्ता देल्ला होता. हेच घर नं?"

प्र. आतूनच ओरडली, "धुणेवाली का? सुमनने पाठवली असेल. बरं झालं!" आणि दोन चादरी, तीन पातळं, सगळं आणून तिच्यापुढे टाकलं. मी काय केलं? माझा परकर आणि दोन पोलकी वर ठेवली.

म्हातारीनं आमच्याकडे बघितलं. ढिगाकडे बघितलं. आपलं गाठोडं पायरीवर ठेवलं, लुगडं खोचलं आणि दगडावर बसली.

सु. अकराला आली. फाटकातच थांबली. तिचा चेहरा मी आयुष्यात विसरायची नाही. मला वाटलं आता ओरडेल. तिनं वह्या पायरीवर ठेवल्या, चपला काढल्या, पदर खोचला आणि समोर जाऊन बसली.

"कवा आली वं माय?"

"आत्ताच. गाडी लवकर भेटली."

माय!

मग दोघींनी मिळून आमचं धुणं धुतलं. एक आपटते, दुसरी पिळते. मोर्णा नदीला पाणी किती राहिलं, गाय व्याली का, मावशीचा गुडघा कसा आहे, असं सगळं बोलून राहिल्या. मी खांबाला धरून उभी. एकीनं हात पुढे करायच्या आत दुसरीनं कपडा दिलेला असायचा. इतकं सुंदर काम मी कुठेच पाहिलं नाही, आणि तेवढीच लाज वाटत होती.

तार भरली. सु. ओल्या हातांनी ओसरीवर आली. आवाज चढवला नाही.

"प्रमिला, ही माझी आई. तुझं धुणं झालं. आता तिला पान वाढ. आत, आपल्या स्वयंपाकघरात."

प्र. म्हणाली डोकं दुखतंय. खोलीत जाऊन पडली.

मी वाढलं. म्हातारी म्हणे, "मी येथीच बरी, पायरीवर." सु. म्हणाली, "माय, आत चाल." आली. पिठलं, भाकर, कांदा. जेवता जेवता मला विचारते, "तू अकोटची नं? मास्तराच्या घरची?"

मी थक्क. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुह्या परकराच्या नेफ्याले बिब्ब्याची खूण हाय. तीन ठिपके, खाली रेघ. रेघ गोविंदाची, माह्या चुलतदिराची. न तीन ठिपके मास्तराचं घर. म्या त्याच्या हाताखाली एक साल काम केलं अकोटले." मग म्हणाली, "बरा हाय का गोविंदा? त्याचा हात लय दुखे."

आमच्या मागल्या दारी जन्मभर येणारा तो माणूस. आम्ही त्याला वरठी म्हणायचो. त्याला नाव आहे हे मला आज कळलं.

"बरा आहे," म्हटलं.

खोटं बोलले.

१७ डिसें., रवि

काल चारच्या गाडीनं त्या परत गेल्या. आज ट्रंकेतला एक एक कपडा काढून पाहिला. घरून आणलेल्या प्रत्येकावर कुठे ना कुठे ते तीन ठिपके आणि रेघ. वीस वर्षं कोणाचं तरी अक्षर अंगावर वागवलं आणि मला वाचता येत नव्हतं. मी शिक्षिका होणार आहे!

बाबांना पत्र टाकलं. गोविंदा कसा आहे, कळवा.

२१ डिसें., गुरु

प्र.ने काकूंना सांगितलं, एक तर ती राहील नाहीतर मी. वरठिणीच्या पोरीबरोबर एका दगडावर धुणार नाही.

काकू शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी कोनाले काढत नाई. तुले जायचं त जा बाई."

प्र. गेली नाही. दगड मात्र आता धुण्याआधी दोनदा धुते. सु. खिडकीतून बघते. मला वाटलं चिडेल. म्हणाली, "घासू दे, शेवाळ निघेल."

३ जाने. ६२, बुध

बाबांचं उत्तर. गोविंदाचा उजवा हात दसऱ्यापासून उचलत नाही. आता सून येते धुणं न्यायला. खाली आईनं लिहिलंय, तुला एकदम त्याची आठवण कशी झाली?

सु.ला वाचून दाखवलं. मग धीर करून विचारलं, "त्या दिवशी त्यांनी सांगितलं का नाही, मी सुमनची आई म्हणून?"

तिनं पत्र माझ्या हातून घेऊन घडी घातली. "मी तुम्हाला काय सांगितलंय, काय नाही, तिला ठाऊक नव्हतं. माझा पडदा राखला तिनं. आणि खरंच, मी कुठे सांगितलं होतं?"

"तुला राग नाही आला?"

"आला ना. पण माय दगडावर बसली होती. ती धुणं अर्ध्यात सोडत नाही. मी ओरडले असते तर तिनं मलाच गप्प केलं असतं."

ही माझ्याच वयाची आहे. एका वर्षानं लहानच.

१९ जाने., शुक्र

प्र. माझ्याजवळ आली, रेशमी पातळावर शाई. लग्नाला जायचंय तिला. "तिला विचार ना, काय लावायचं."

"तूच विचार."

पातळ घडी करून परत घेऊन गेली. डाग आत.

१० फेब्रु., शनि

सु.च्या आईला मोतीबिंदू. उजवा डोळा पिकलाय. ऑपरेशन इथल्या दवाखान्यात होणार, मग पंधरा दिवस पडून राहायला जागा हवी. काकू म्हणाल्या, तिघी कबूल असाल तर माझी ना नाही. मी लगेच हो म्हटलं. प्र. म्हणते, विचार करते. मंगळवारपासून विचारच करून राहिली.

आज सु.ने कार्ड माझ्या हाती दिलं, कॉलेजच्या वाटेवर पेटीत टाकायला. वाचलं. "माय, मंगळवारच्या गाडीनं ये. शेजारच्या दादानं हे वाचून दाखवलं की तयारीले लागजो. जागा हाय."

"अगं, पण प्रमिलाचं?"

"ती विचार करतेय ना, करू दे. डोळा काही थांबत नाही."

मी माझ्या हातानं कार्ड पेटीत टाकलं.

१३ फेब्रु., मंगळ

पाळी माझी. सगळं उरकून दगड मोकळा केला. दोन चादरी सु.ने सांगितल्या तशा उकळून वाळवल्या. डोळ्याच्या माणसाला स्वच्छ लागतं.

सु. दुपारीच स्टँडवर गेली.

प्र. सकाळपासून खोलीत. तीनला दार उघडून विचारते, "त्यांना अंथरूण कोणाचं देणार?"

"माझं."

"आणि तू?"

"चटई आहे."

तिनं दार पुन्हा लोटलं. आतून ट्रंक उघडल्याचा आवाज. मग बराच वेळ कपडे हलवल्याचा. सामान भरतेय की काही काढतेय, कळेना. दाराशी गेले, कडी वाजवायला हात उचलला, परत घेतला.

मागचं फाटक वाजलं. आल्या.