कपाळामागची गाठ

नांदुरा,
१४ डिसेंबर २०२५

चि. स्वरदास आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. थंडी पडली आहे. नळ त्याच्या मर्जीनं येतो. शेजारच्या मनकर्णाबाई माझ्या आजाराची चौकशी करायला येतात आणि स्वतःच्या गुडघ्यांचं पुराण सांगून जातात. फोन करत नाही, कारण फोनवर तू बापाशी बोलत नाहीस, पेशंट तपासतेस.

तुमच्या संस्थेचं चकचकीत पुस्तक मिळालं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून वाचलंही. काय एकेक शोध! एका महाशयांचं ड्रोन उपग्रहाचा संपर्क तुटला तरी खालच्या जमिनीची चित्रं टिपून वाट शोधतं. नांदुऱ्याच्या स्टँडवर मोताळ्याची गाडी कुठे लागते हे त्यानं शोधून दाखवावं, मी स्वतः त्याला हार घालीन. दुसऱ्यानं प्लॅस्टिकमध्ये डोळ्यांना न दिसणारे मातीचे कण कालवले आणि ते मजबूत झालं म्हणे. आमच्या बादलीची कडी तुटायची थांबली की कळवा.

तिसरा शोध तुझा. कपाळामागे गाठ वाढली की काही तापट माणसं निवळतात, घरच्यांना ते बरं वाटतं, आणि म्हणून आजार उशिरा ध्यानात येतो. व्वा! एवढ्यासाठी पुण्यात एवढी वर्षं काढलीस. हे इथं बसून तुझ्या आईनं सांगितलं असतं.

खरं म्हणजे तूच हुशार निघालीस. श्रावणात मी फोनवर तुला 'जेवलीस का?' एवढं विचारलं आणि दुसऱ्याच दिवशी तू आईला कळवलंस की बाबांच्या डोक्याचा फोटो काढा. शाबास. बाप दोन शब्द गोड बोलला तर पोरीला वाटावं याच्या मेंदूत बिघाड आहे! आणि निघावाही! फोटोत गाठ दिसली त्या दिवशीही अकोल्याहून येताना गाडीत मी हसत होतो.

अकोल्याचे ते डॉक्टर तर नमुनाच आहेत. चष्मा कपाळावर चढवून टेबलावर चष्मा शोधतात, आणि अशा माणसाच्या हाती मी माझं कपाळ द्यायचं! गाठ साधी आहे, पण काढली नाही तर आधी नजर जाईल, मग बाकीचं. तोवर सूज उतरायच्या गोळ्या. हे सगळं तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते सांगतो. उठता उठता तुझ्या आईनं त्यांना विचारलं, "डॉक्टरसाहेब, ऑपरेशन झाल्यावर हे पहिल्यासारखे होतील का हो?"

"शंभर टक्के, काकू! अगदी पहिल्यासारखे!" त्या गाढवाला वाटलं आपण मोठी खुशखबर दिली.

तुझ्या आईचा चेहरा पडला. मी शेजारीच बसलो होतो. नजर अजून शाबूत आहे माझी.

गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली आणि जुना मी परत आलो. मधल्या महिन्यांत काय काय झालं ते मला सगळं आठवतं, हेही तुमच्या पुस्तकात छापा. मी तिला रोहिणखेडला घेऊन गेलो होतो. तिचे वडील तिथे तलाठी होते, लहानपण तिथंच गेलं, आणि लग्न झाल्यापासून एकदा जाऊ म्हणत होती. जुन्या मशिदीच्या बाजूला उभी राहून ती कुठे खेळायची, कुठे पडली, सगळं सांगत बसली. मी ऐकत होतो. मध्ये बोललो नाही, चुकाही काढल्या नाहीत. ती माझ्यासमोर ताट घेऊन बसायला लागली होती. आधी मी उठल्यावर आत जेवायची, हे तू लहानपणापासून पाहिलंस.

मागच्या आठवड्यात मी पहिल्याच घासाला म्हणालो, "मीठ घालायचं विसरलीस की तेवढीही अक्कल उरली नाही?" तिनं आपलं ताट उचललं आणि आत गेली. मला बरं वाटलं, खोटं का बोलू? वाटलं, डोकं ठिकाणावर आलं.

संध्याकाळी मीच विषय काढला. म्हटलं, मंगळवारी ऑपरेशनच्या कागदावर सही करायची आहे, काढू की राहू देऊ? ती म्हणाली, "काढा. असं कोणी ठेवते का?" मग म्हणाली, "टाके निघेपर्यंत मी करीन तुमचं सगळं. मंग स्वरदाकडे जाईन."

"किती दिवस?"

"ते काही ठरवलं नाही."

मी चिडलो. म्हटलं, एवढी वर्षं राहिलीस, आता काय झालं? तर तुझी आई, जिनं कधी मला उलट उत्तर दिलं नाही, शांतपणे म्हणाली, "इतके वर्ष मले वाटे, तुम्हाले गोड बोलताच येत नाही. म्हणून सोसलं. आता पाह्यलं, येते."

"अगं, ती गाठ होती!"

"गाठ असो नाही तं काही असो. तोंड तं तुमचंच होतं."

याला तुमच्या शास्त्रात काही उत्तर असेल तर मला नको.

तर जानेवारीत तुझी आई तुझ्याकडे येते आहे. हे सांगायलाच पत्र लिहिलं. तिला तुमच्या त्या संस्थेत नेऊन प्रश्न विचारत बसू नका. बस लागते तिला, रेल्वेनंच पाठवीन. स्टेशनवर वेळेवर जा, तुझी नेहमीची धावपळ नको. तिला थांब म्हणायचं माझ्या मनात आहे. रोज सकाळी म्हणायला जातो आणि तोंडातून भलतंच निघतं. श्रावणात जो माणूस तुझ्याशी फोनवर बोलला ना, त्याला ते सहज जमलं असतं. मंगळवारी मी त्यालाच कापून काढायला सही देणार आहे.

बरा होऊ घातलेला,
तुझा बाप
वैजनाथ