अँटेनाची चौथी जागा

सर, तुम्ही गेल्यावर मी विमान बांधायला घेतलं, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. दोन माणसांचं, लाकडी, वरून कापडानं मढवलेलं. खडकवासल्याच्या पुढे एका मित्राची कोंबड्यांची रिकामी शेड आहे, तिथं ते उभं आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "का, पुण्यात पार्किंग मिळेना म्हणून?" मी आणि माझी लेक, दोघं मिळून बांधतो. ती आठवडाभर कंपनीत मान मोडून काम करते आणि शनिवारी माझ्याबरोबर येऊन हात चिकट करून घेते. पंख माझे, तारा आणि रेडिओ तिचा, अशी वाटणी. पंख झाले, इंजिन बसलं, पहिल्या झटक्यात सुरू झालं म्हणून शेडवाल्या मित्रानं पेढेसुद्धा वाटले. आणि मग गाडं अडलं ते एका हातभर काडीपाशी. रेडिओची अँटेना बसवायची कुठं?

पत्र्याच्या विमानात हा प्रश्न एवढा छळत नाही, कारण विमानाचं धातूचं अंगच लहरी पकडायला अँटेनाला आधार देतं. लाकडी विमानात तो आधार आपल्याला द्यावा लागतो, आतून तांब्याच्या पट्ट्या चिकटवून. लेकीनं हे सगळं वाचून काढलं, मापं घेतली आणि पहिल्यांदा अँटेना पाठीवर बसवली, आमच्या सीटच्या मागे. मग मी आत बसून इंजिन चालू केलं, कानाला हेडफोन लावले, आणि ती हातातला रेडिओ घेऊन पलीकडच्या बांधावर जाऊन बोलली. मी म्हणालो, आवाज तुटतोय. तिला वाटलं पट्ट्या कमी पडल्या. तिनं भोक बुजवलं, कापड लावलं, रंग दिला आणि अँटेना पोटाखाली नेली. आवाज तुटतोय. तिला वाटलं चाकांचे लोखंडी पाय फार जवळ आले. पुन्हा भोक, पुन्हा बुजवणं, अँटेना आणखी मागं. ती एकदाही कुरकुरली नाही. कुरकुरलो मीच, सर. "आधीच नीट विचार करायला हवा होतास," असं म्हणून मोकळा झालो.

त्या तिसऱ्या जागेच्या वेळी मित्र बांधावर गेला आणि गंमत म्हणून तिच्या हातातला रेडिओ घेऊन बोलला. "ऐकू येतंय का रे? चहा टाकलाय, उतर आता." शब्द न् शब्द कानात. त्याचा आवाज तुम्हाला माहीत नाही, पखवाजासारखा आहे. लगेच तिनं तोच रेडिओ घेतला आणि काहीतरी म्हणाली. मला नुसते स्वर आले, आ, ए, ओ, मधली अक्षरं कुणी वेचून घेतल्यासारखे. रेडिओ तोच, बांध तोच, अँटेना तीच. मी इंजिन बंद केलं. ती धावत आली. "बाबा, माझं काय ऐकू आलं?" मी म्हणालो, "खरखर होती." खोटं बोललो. खरखर अजिबात नव्हती.

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच काहीतरी बेसिक चुकतेय. मी तो रेडिओ धरतेच चुकीचा बहुतेक. मला हे जमत नाहीये, बाबा, आपण कुणाला तरी बोलवू या." ज्या मुलीनं एकटीनं सगळ्या विमानाच्या तारा ओढल्या, तिनं हे म्हणावं आणि मी चहाचा कप उचलावा. मला अजून तो चहा आठवला की तोंड कडू होतं.

दुसऱ्या दिवशी भाजी आणतो सांगून मी कोथरूडात कान तपासायला गेलो. भाजीही आणली, पुरावा म्हणून. तिथल्या मुलीनं मला एका खोक्यात बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. मी बराच वेळ शांत बसलो होतो, मला वाटलं तपासणी सुरूच झाली नाही. नंतर तिनं सांगितलं, जरा मोठ्यानं सांगितलं, "काका, तुम्हाला भरड आवाज येतात, बारीक गळतात. बायकांचे, लहान मुलांचे आवाज आधी जातात. यंत्र लावा, उपयोग होईल." म्हणजे जगातल्या सगळ्या आवाजांत माझ्या लेकीचाच आवाज आधी जायचा होता. यंत्र लावून उडायची परवानगी मिळेल, कदाचित नाहीही मिळणार. पण मी गप्प बसलोय ते तेवढ्यासाठी नाही. तीन भोकं पाडून झाल्यावर आता कोणत्या तोंडानं सांगू की दोष माझ्या कानात होता?

तुमची आठवण तेव्हापासून पाठ सोडत नाही. त्या काळी मी नुकताच ग्लायडर उडवायला शिकतोय, शिकवायला तुम्ही मागच्या सीटवर आहात. खालून रेडिओवर काहीतरी सूचना येते आणि मी रुबाबात म्हणतो, "रॉजर," म्हणजे कळलं. मागून तुमचा आवाज, "काय म्हणाला तो?" मी समोरची घड्याळं बघू लागतो. "कळलं नाही ना? मग रॉजर कुणाच्या बापाचा?" खाली उतरल्यावर सगळ्यांच्या देखत म्हणालात, "न कळता मान डोलवायची असेल तर नंदीबैल हो. लोक पैसे तरी टाकतात. परत सांगा म्हणायला लाज कसली वाटते तुम्हा लोकांना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आठवडाभर मी तुमच्याकडे पाहिलं नाही.

आणि नंतरचा तो आणखी एक दिवस. मैदानाच्या कडेच्या टपरीवर तुम्ही चहात खारी बुडवताय आणि पाऊस पडेल असं वाटतं म्हणावं तितक्या सहज म्हणताय, "उद्यापासून मी खालीच. काल ती विजेची तार मला दिसली नाही." सगळ्यांनी कप खाली ठेवले. तुम्हीच म्हणालात, "अहो, तेराव्याला बसल्यासारखे काय बसलात? चहा प्या." मला तेव्हा वाटलं होतं, कशाला सांगितलं? अजून दोन वर्षं सहज रेटली असती, कुणाला कळलं असतं? मला वाईट वाटत होतं आणि थोडं हसूही येत होतं, हे आज कबूल करतो. आता कळतं, तुम्ही केवढं ओझं उचलून टाकलं होतं ते. मला साधी हातभर काडी उचलवत नाही.

आज ती शेपटीचा उभा पंख उघडणार आहे. चौथी जागा तिथं, आतल्या आत. उंच राहते, लोखंडापासून लांब राहते, तिचं गणित बरोबर आहे, तिचं गणित पहिल्यापासून बरोबरच होतं. पण त्यासाठी पूर्ण झालेला, घोटून घोटून रंगवलेला पंख कापायचा आहे. त्या पंखावर तिनं अख्खी दिवाळीची सुट्टी घातली होती. तिनं रजा काढलीय. मघाशी हेल्मेट घालून दारात उभी राहिली आणि काहीतरी विचारलं. मी "हो" म्हणालो. ती जरा थांबली, पुन्हा काही म्हणाली. मी पुन्हा हो म्हणालो. मग गाडी सुरू झाल्याचं तेवढं ऐकू आलं.

ती शेडवर पोचायला पाऊण तास लागतो. फोन इथंच आहे, दुसरी गाडीही खाली आहे. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, पाठवायला पत्ता नाही, हे मला कळतं, सर. तरी लिहीत बसलोय, कारण लिहीत असेपर्यंत उठावं लागत नाही.