फोरमवर पुसलेला गुडघा

मांडवी, रत्नागिरी. मंगळवार, संध्याकाळ.

सतीशरावांचा खोकला गेला का, नागपूरच्या मीनाताईंचा गुडघा कसा आहे, असं तिथल्या एकेकाला विचारूनच काल प्रोग्रामिंगच्या ऑनलाइन फोरमवर माझी अडचण लिहिली. बुद्धविहारातल्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी करणारा माझा प्रोग्राम शेवटचं पुस्तक गाळतो, आणि रविवारी तो सगळ्यांना दाखवायचाय. हे हसले, "अगं, प्रश्न विचारतेस की माहेरी पत्र धाडतेस?"

सकाळी बघते तर फोरम सांभाळणाऱ्यांनी खोकला, गुडघा, सगळं पुसून टाकलेलं. नुसता कोड शिल्लक. मन खट्टू झालं. नियम असेल त्यांचा, पण विचारपूस कधी अडगळ होते का?

दुपारी मीनाताईंचं उत्तर आलं. मोजणी एकाने कमी पडत होती. कुठे, ते नीट समजावलेलं. तेवढं बदललं आणि शेवटचं पुस्तक यादीत हजर! जीव भांड्यात पडला. उत्तराखाली एक ओळ होती, "उजवा गुडघा आता बरा आहे, काकू." म्हणजे पुसण्याआधी वाचलं होतं तर.

आभार लिहिले. डाव्याचंही विचारलंय, लवकर कळवा म्हणून. पुसूदेत बापडे.