बाबुलालची मेल

६ जानेवारी, सोमवार. लाखनी
आज राइस मिलमध्ये रुजू झालो. बारावी नापास असूनही भुपेंद्रशेठनी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून ठेवलं. स्वतंत्र खोली, स्वच्छ टेबल, खिडकीसमोर पंचफुलाबाईंची चहाटपरी. पहिला चहा त्यांनी फुकट पाजला. "सानगडीचा हायेस का? मंग तं आमच्या माहेरचाच झाला तू," म्हणाल्या. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. शेठ म्हणाले, फुकटात भेटली म्हणून नावं ठेवू नको, जावयापेक्षा कमी रुसते.

७ जानेवारी, मंगळवार
मेलचा प्रोग्राम बसवला. काळ्या चौकटीत आज्ञा लिहिली, एकेक अक्षर दोनदा तपासून. तिथे पासवर्ड टाइप करताना ठिपकासुद्धा उमटत नाही. आपण काही लिहितच नाही असं वाटतं. दुपारपर्यंत मिलची जुनी मेल उतरली. त्यात बाबुलाल नावाच्या जुन्या कामगाराची पुष्कळ. मशीनच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला, तेव्हापासून तो घरी आहे. डाव्या हाताने मोबाइलवर लिहितो: चौकीदार म्हणून तरी ठेवा. शेठ म्हणाले, जंक कर, नको असलेल्या मेलच्या कप्प्यात टाक; एकदा दाखवलं की पुढची मेल आपणच तिकडे टाकायला प्रोग्राम शिकतो.
केलं.

९ जानेवारी, गुरुवार
टपरीच्या बाकावर एक माणूस चहा मागत होता, उजवी बाही रिकामी; बाबुलालच. पंचफुलाबाई बघेनात. एक ट्रकवाला तर जवळजवळ त्याच्या मांडीवरच बसला. मी जाऊन म्हटलं, बाबुलालभाऊंना चहा द्या. त्या हसल्या. "कोन बाबुलाल? सकाळीच घेऊन आला का रे?"
बाबुलाल माझ्याकडे बघत होता.

१० जानेवारी, शुक्रवार
त्याची मुलगी भावना मिलमध्येच तांदूळ निवडते. तिला विचारलं. म्हणाली, "मले बाबा नाहीच भाऊ. कधीच नव्हते." तिच्या शेजारीच तो उभा होता.
त्याची मेल जंकमधून बाहेर काढली. पुन्हा आत गेली. आता प्रोग्राम आपणच निवडतो आहे. मिलच्या सेवकराम ड्रायव्हरची मेल त्याने मी न सांगताच जंकमध्ये टाकली. दुपारी सेवकराम फाटकाबाहेर हॉर्न वाजवत राहिला. फाटक कोणी उघडलं नाही.

११ जानेवारी, शनिवार
प्रोग्राम काढून टाकला. पुन्हा बसवला. शिकलेलं विसरला नाही. तपासायला माझ्या पत्त्यावरून मिलला एक मेल पाठवली. इनबॉक्समध्ये नाही.
जंक उघडायची हिंमत—
उघडलं. आहे.

१३ जानेवारी, सोमवार
पंचफुलाबाईंनी चहा दिला नाही. हाक मारली, ओरडलो. त्या माझ्यावरच पाणी फेकून आत गेल्या.
शेठ फोनवर कुणाला सांगत होते, ऑपरेटर पाहिजे, खुर्ची कधीची रिकामी पडून हाय. मी त्याच खुर्चीत—
बाबुलाल दाराशी. म्हणाला, "मंग बाबू, आता तू कोनाले मेल करशील?"

१४ जानेवारी
नवा मुलगा आला. अश्वजित. हसतमुख. सरळ माझ्या अंगावरच बसायला आला, जेमतेम उठलो. जंक उघड म्हणून त्याच्या कानात ओरडलो. कान खाजवला फक्त.
टेबलावर कोरी वही आहे, घेऊ का, असं त्याने शेठना विचारलं. घे म्हणाले.
कोरी नाही, ही माझीच डायरी. मी लिहितो आहे, हे बघ, लिहितो—
तो वही ओढतो आहे. घट्ट ध