आईच्या घशातली ठेव

मी खाली सही करणारी, वय चौसष्ट, निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, लिहून ठेवते की माझी अक्कल जागेवर आहे. हृदयाची झडप मात्र नाही. आत्ता शस्त्रक्रियेला नेतील. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दारातल्या डॉक्टरीणबाई सारख्या "आटपा" म्हणतात, तो दबावात धरू नये.

१. राहता फ्लॅट भांड्याकुंड्यांसह धाकट्या बहिणीला. ती बाहेर बाकावर बसली आहे. इतक्या वर्षांनी आली, पण आत यायला तयार नाही.

२. सूक्ष्मदर्शक माझ्या विद्यार्थिनीला. भिंगं ओढणीने पुसलीस तर याद राख.

३. फ्रीझरचा प्लग काढून स्वतःचा मोबाइल लावणाऱ्या विभागप्रमुखांना माझा एक्स्टेंशन बोर्ड. त्या फ्रीझरमध्ये माझ्या आणि आईच्या घशातले जीवाणू जपले होते. सगळे मेले.

४. खरी इस्टेट तीच होती. हे जीवाणू असं काही द्रव्य तयार करतात की विषाणूला पेशीत शिरताच येत नाही. घर तापाने फणफणायचं आणि आई नि आम्ही दोघी बहिणी ठणठणीत. ते द्रव्य नेमकं काय, ते कळायचं राहिलं. परवा बेशुद्धीत मला अँटिबायोटिक दिलं आणि माझ्या घशातले उरलेसुरलेही गेले.

धाकटे, आता ते असले तर तुझ्याच घशात. वकील फोनवरून म्हणतात, मृत्युपत्रात 'तू' लिहीत नाहीत. लिहू द्या.

आईच्या शेवटच्या आजारात मी तिचा स्वॅब घेतला, तेव्हा तू म्हणालीस, "आईचा उंदीर केलास! पुन्हा तुझं तोंड बघणार नाही." अगं, मी तिला विचारलं होतं. ती हसून म्हणाली, "घे की. जन्मभर तोंड उघडलं नाही, आता उघडते." हे तू कधी ऐकूनच घेतलं नाहीस, आणि त्याचा मला अजून राग आहे.

माझं तोंड बघू नकोस, पण विद्यार्थिनी कापूसकाडी घेऊन उभी आहे, तिच्यापुढे तुझं उघड. नाही उघडलंस तरी फ्लॅट तुझाच. मला भीती वाटतेय गं.

वकिलांनी पाठवलेला दुसरा साक्षीदार अजून पोचलेला नाही. त्याच्याशिवाय हा कागद रद्दी.

स्थळ: रुग्णालय, खोली सात.
दिनांक: शस्त्रक्रियेचा दिवस, सकाळ.
सही: थोरली

साक्षीदार पहिली: वॉर्डातली नर्स. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. विद्यार्थिनीने कागद बाहेर आणून वाचून दाखवला, म्हणून आत आले. सही माझ्यासमोर झाली. वकील म्हणतात, साक्षीदार झालात तर फ्लॅट मिळणार नाही. नको मला. तोंड उघडलंय, काडी फिरवून झाली. फ्लॅटची किल्ली आत्ता हिच्याकडून घेतली आहे, ती हिने शुद्धीवर आल्यावर माझ्याकडून मागून घ्यावी.