काका फिल्म स्कूलला का गेला नाही

७ जून, सकाळी सव्वासात

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठाकठीक. काकूचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना नाही. माझी तब्येत तू पाहून गेलीस तशीच आहे.

आता यादी. मी स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी: पाण्याच्या दोन पाइपांवर धावणारी कॅमेऱ्याची ट्रॉली, चाकं मोडक्या स्केट्सची. साडेअकरा फुटी लाकडी क्रेन, मागच्या टोकाला तराजूची वजनं बांधून तोललेली. बावीस वर्षांत एकदाही कललेली नाही. पाऊस पाडायची साडेएकोणीस फुटी नळी, दर पाऊण इंचाला एक भोक, एकूण तीनशे बारा, सगळी मी पाडलेली. चौदा लघुपट. दोन पूर्ण लांबीचे चित्रपट. दुसरा एक तास एक्केचाळीस मिनिटांचा. एका वर्तमानपत्राने 'सुमारे दीड तास' छापलं, तेव्हा मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं होतं.

ही यादी अशासाठी, की तू लिहितेस, "फिल्म स्कूलमध्ये निवड झाली आहे, पण मी जाणार नाही. काका, तू तरी कुठे गेला होतास? मी तुझ्याकडेच शिकेन, म्हणजे बाबांना दुकान विकावं लागणार नाही." तीस जूनपर्यंत तुला शाळेला कळवायचं आहे.

वाचून छाती फुगली, खोटं कशाला बोलू? काकूला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दुसऱ्यांदा वाचताना आवाज जरा वाढला होता तुमचा."

तर उत्तर. चित्रपट करायला शाळा आवश्यक आहे का? नाही. आजवर एकाही प्रेक्षकाने तिकीट काढताना माझं शिक्षण विचारलेलं नाही. भिंगातून पाहायला डोळा लागतो, माणसं थांबवून धरायला जीभ लागते आणि बाविसावा टेक घ्यायला निर्लज्जपणा लागतो. यातलं काहीही फळ्यावर लिहून येत नाही. हे माझं मत कालही होतं, उद्याही राहील.

पण तुला एक हकीकत सांगतो. ती काकूला सांगितलेली नाही.

दुसऱ्या चित्रपटाच्या संकलनाला मी पहिल्यांदाच बाहेरचं माणूस घेतलं, कारण मला डोळ्यांचा त्रास सुरू झाला होता. माझ्याच वयाची बाई, तुझी निवड झाली त्याच शाळेत शिकलेली. स्वयंपाकघरातल्या भांडणाचा प्रसंग होता. माझी जोडणी अशी: नवरा बोलतो, त्याचं तोंड. बोलणं संपलं, कट. बायको बोलते, तिचं तोंड. संपलं, कट. बाईंनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "टेबल टेनिस चाललंय." मग बायकोचं बोलणं त्यांनी थोडं अलीकडे ओढलं. चित्र नवऱ्याच्या चेहऱ्यावरच, तो अजून घास चावतोय, आणि तिचा आवाज आधीच त्याच्या कानावर आदळतोय. घास तोंडातच राहिला. भिंगरे, माझ्या अंगावर काटा आला.

मी विचारलं, "हे कुठून काढलंत?"

"पहिल्या वर्षाला शिकवलं की! सकाळी आठचा तास असायचा. मी निम्मी झोपेत होते."

आवाज आणि चित्र वेगवेगळ्या जागी कापता येतं, हे मला एकोणीस वर्षं कळलं नव्हतं. शेकडो चित्रपट पाहिले, पण मी बसायचो तो कॅमेरा कुठे ठेवलाय ते शोधत. कान मोकळेच नव्हते. मी बाईंना म्हणालो, "ठाऊक आहे मला, पण माझी पद्धत वेगळी." त्या पुढच्या कटकडे वळल्या. शहाण्या होत्या.

खरा चटका पुढेच. पहिल्या चित्रपटात संवाद असेच ठोकळ्यासारखे पडत होते, आणि मी दोष दिला होता नटाला. चांगला, कष्टाळू नट होता. त्याला मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "तुला बोलता येत नाही, तू दुसरं काहीतरी बघ." त्याने बघितलं. विमा विकतो आता. त्याला येत होतं, मला येत नव्हतं.

म्हणून शाळा हवीच, असं मी म्हणत नाही. एकोणीस वर्षांनी का होईना, मला कळलंच. पण तू मला पुरावा म्हणून उभा करते आहेस, आणि हा पुरावा मला तपासून द्यायला हवा. परवा दादाचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, फोन आला. म्हणाला, "बाइंडिंगच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळालंय. तुला तेव्हा पाठवता आलं नाही रे मला. पोरीच्या बाबतीत तसं होऊ देणार नाही." मी 'हं' म्हणालो. तीस वर्षं मी त्याला 'हं'च म्हणत आलो.

घरात सगळ्यांना ठाऊक आहे की पैसे नव्हते म्हणून माझी शाळा हुकली. तुलाही तसंच सांगितलं गेलं असेल. आता नीट ऐक.

मी तेवीस वर्षांचा होतो. उसन्या कॅमेऱ्यावर केलेला माझा नऊ मिनिटांचा लघुपट त्या शाळेतल्या एका मास्तरांनी पाहिला आणि मला बोलावून घेतलं. इमारत दाखवली, मग एका वर्गात मागच्या बाकावर बसवलं. सोळा मुलं, बहुतेक अठरा-एकोणीसची. मास्तरांनी पडद्यावर एक चित्र लावून विचारलं, "यात प्रकाश किती ठिकाणांहून येतोय?" मला वाटलं, एक. पुढच्या बाकावरची मुलगी पेन्सिल चावत म्हणाली, "तीन. चौथा चुकून आलाय, खिडकीतून." बरोबर होतं तिचं. सगळे हसले, माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. पण मला दिसलं, की इथे तीन वर्षं मी वयाने सगळ्यात मोठा आणि अकलेने सगळ्यात मागे बसणार. गल्लीत मला लोक 'डायरेक्टर' म्हणून हाक मारायचे. ते सोडून हे कशाला?

घरी आलो. दादा छापखान्यातून येऊन हातांची शाई घासत होता. "काय म्हणाले? फी किती?"

मी म्हणालो, "झेपणार नाही आपल्याला."

त्याने साबण ठेवला आणि पुढे काही विचारलं नाही. मग अकरा महिने दोन-दोन पाळ्या करून माझा पहिला कॅमेरा आणला. माझ्या यादीत हाताने केलेलं बरंच आहे. त्यामागे त्याचे हात किती, ते मी कधी लिहिलं नाही.

तर जायचं की नाही, ते तूच ठरव. नाही गेलीस, तर एक जुलैला सकाळी साडेआठला स्टुडिओत हजर राहा. आठ बत्तीसला आलीस तर परत पाठवीन. गेलीस, तर तुझी फी मी भरणार. दादाने दुकानाला हात लावायचा नाही. दोन्हींत मला आनंद आहे. फक्त तुझ्या कारणांतून 'काका गेला नव्हता' हे कारण वजा कर. आणि हे पत्र दादाला वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस, शेवटचं तर मुळीच नाही.

त्या दिवशी शाळेने मला देऊ केलं होतं ते असं: परीक्षेशिवाय प्रवेश, तीन वर्षांची फी पूर्ण माफ, वसतिगृहात एकट्याची खोली, आणि वरखर्चाला दरमहा आठशे पन्नास. त्या वर्षी दादाचा पगार सहाशे चाळीस होता.

ज्याला कुणीही अडवलं नव्हतं,
तो तुझा
काका