व्याही, पौर्णिमा आणि मधला खडक

डोंबिवली, मंगळवार

तीर्थस्वरूप शीलाताईस,
धाकट्या बाळचा डोकं टेकवून नमस्कार. कल्याणात तुझे गुडघे कसे आहेत? माझे विचारू नकोस.

आमच्या विनिताने कोलशेतच्या दर्शनशी लग्न ठरवल्यापासून तू "मासेमारीवाल्यांच्या घरात पाऊल ठेवणार नाही" म्हणून रुसून बसली आहेस. म्हटलं, आपणच मुलाच्या वडिलांना पारखून घ्यावं. माणूस चालताना कळतो (हे आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळाचं मत). म्हणून रविवारी दामाजीरावांना घेऊन खोपटच्या डेपोतून पहाटेची एसटी धरली. अलिबागच्या पुढे खडकाळ किनाऱ्याने दहा किलोमीटर चालायचं होतं. दिवस मी पंचांग बघून काढलेला: पौर्णिमा, बोलणी करायला उत्तम.

दामाजीराव एकदाच म्हणाले, "पुनव हाय, दुपारी उधाणाचा पानी येल." मी म्हटलं, काळजी नको, बूट नवे आहेत. होणाऱ्या व्याह्यांना खोडून कसं काढायचं, म्हणून ते चालू लागले. त्यात प्रत्येक अरुंद खडकापाशी मानपान. ते म्हणायचे आधी तुम्ही, मी म्हणायचो छे छे, तुम्ही वरपक्ष. या आदरात तासभर गेला आणि पाणी मात्र कोणालाच न विचारता पुढे आलं. बाराच्या सुमारास आम्ही दोघे एका खडकावर आणि चहूबाजूंनी समुद्र! मी घाबरलो नाही (देवाचं नाव घेतलं ते सवयीने). ते शांतपणे माझा चिवडा खात बसले, मला लाटा मोजायला लावल्या आणि आपल्या दर्शनच्या लहानपणीच्या खोड्या सांगत राहिले. ताई, मला तो माणूस फार आवडला.

तीनच्या पुढे पाणी कमरेएवढं उतरलं, तेव्हा दमलेल्या व्याह्यांना पाठीवर घेऊन मी काठावर आणलं. एकंदर सहल छान झाली. भावोजींना नमस्कार, सान्वीला पापा.

तुझा,
बाळ

ता. क. पाठीवर कोण होतं ते मी उलटं लिहिलंय. मला गॅसचा सिलिंडर हलत नाही हे तुला माहीत आहे. त्यांनी मला आणलं, नव्या बुटांसकट.

ता. क. २. भर पाण्यात त्यांनी विचारलं, "तुमच्या ताई येतीन ना साखरपुड्याला?" मी म्हटलं, येणारच. त्या अवस्थेत माणूस दुसरं काय बोलणार? पण ताई, आई गेल्यापासून आपल्याकडे एकही कार्य तुझ्याशिवाय झालेलं नाही. मला खोटं पाडू नकोस. दिवस तूच काढ. फक्त पौर्णिमा नको. साखरपुडा त्यांच्या अंगणात आहे, अगदी खाडीला लागून.